थोपटणारा हात

दुपारच्या शांततेत ‘टिंग’ झालं, तशी कणकेच्या हातांनीच शाल्मली आत धावली. शाळेत सारख्या पेंगणाऱ्या मनवाला डॉक्टरांच्या सांगण्यावरून आज पहिल्यांदाच एकटीला झोपवलं होतं.

“श्वास थांबला होता. मी तिची मान वळवून सुरू केला,” मनवाच्या डोक्याखालची, श्वासावर लक्ष ठेवणारी स्मार्ट उशी म्हणाली.

“मग रोज सकाळी ‘श्वास उत्तम’ काय सांगायचीस गं भवाने?”

“रात्री तुम्ही शेजारी असता ना. श्वास जरा अडखळला, की तो थांबायच्या आत तुम्ही तिला थोपटता. तेही गाढ झोपेत. आता मात्र डॉक्टरांना तिचा घसा दाखवून घ्या.”

शाल्मली आपल्या हाताकडे बघत राहिली. मनवा कधीची जागी होऊन ऐकत होती.

“आई, तू तर झोपलेली असतेस. मग तुला कोण सांगतं?”