नेरूरपारच्या पुलापाशी

‘एवढ्या पत्त्यावर मी साधं पोस्टकार्डसुद्धा पोचवलं नसतं,’ आपोलिना फर्नांडिस म्हणाल्या आणि त्यांनी नोटीस टेबलावर सरकवली.

फौजदारांनी ती वाचली. वेगमर्यादेचं उल्लंघन. चार मे, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. वेग ताशी ब्याण्णव किलोमीटर. ठिकाण, मालवण–कुडाळ रस्ता.

‘ठिकाण लिहिलंय की, बाई.’

‘हा रस्ता जवळपास तीस किलोमीटरचा आहे, साहेब. वाटेत गावं आहेत, शाळा आहेत, नेरूरपारचा पूल आहे. गाडी नेमकी कुठे होती तेच माहीत नाही, तर तिथली मर्यादा किती हे कोणी ठरवलं? माझी हरकत एवढीच आहे.’

हरकतीचा अर्जही त्यांनी आणला होता. निळ्या शाईत, एकही खाडाखोड नसलेला. फौजदारांनी खालची सही पाहिली आणि मान वर केली.

‘तुमी पोस्टातले बाई काय?’ कचेरीतली भाषा एकदम सुटली. ‘माका वळाखलास नाय? मी गुरुप्रसाद. जानकीचो झील.’

आपोलिनाबाईंनी चष्मा नीट केला. खाडीपलीकडच्या वाडीतली जानकी त्यांना आठवली. तिच्या मुलाचं भरतीचं पत्र शनिवारी उशिरा आलं होतं आणि पोस्टमन तापाने झोपला होता. सोमवारपर्यंत थांबलं तर तारीख चुकली असती. म्हणून पोस्ट बंद करून त्या स्वतःच तरीच्या होडीत बसून निघाल्या होत्या.

‘आईने तुमका फणस दिल्यान होतो,’ गुरुप्रसाद म्हणाला.

‘एक नाय, दोन. सांतानाच्या एसटीत घालून घराक नेले.’

गुरुप्रसाद हसला. सांतानमामांची एसटी सगळ्या गावाला ठाऊक होती. टपालाची पिशवी तीच घेऊन यायची. चर्चच्या वळणावर सांतान दोनदा हॉर्न वाजवायचा. तो ऐकला की आपोलिना परतीच्या पिशवीवर लाख ओतायची आणि दारात येऊन उभी राहायची. पिशवी द्यायची, पिशवी घ्यायची, यापलीकडे दोन वर्षं दोघांत शब्द झाला नव्हता. पुढे पिशवीबरोबर कधी खाज्याची पुडी येऊ लागली, कधी अबोलीचा वळेसर.

मग एका सकाळी सांतान पिशवी घेऊन खाली उतरला आणि परत गाडीत चढेना. सगळे प्रवासी खिडक्यांतून बघत होते. कंडक्टरने घंटी मारली, पुन्हा मारली. शेवटी सांतानने विचारलं एकदाचं. आपोलिनाने मान हलवली, तेव्हा गाडीतल्या एका म्हातारीने टाळ्या वाजवल्या होत्या.

‘त्या दिवशी गाडी सात मिनिटं उशिरा पोचली,’ आपोलिनाबाई म्हणाल्या. ‘एकतीस वर्षांत तेवढाच उशीर.’

‘आणि अपघात?’

‘एक नाय. साधी कोंबडीसुद्धा चाकाखाली येवक नाय. काटो पन्नासच्या वर गेल्लो मी कधी बघूक नाय. घरच्या गाडीतसुद्धा हेंचा तसाच. मागची पोरां हॉर्न मारून मारून दमत.’

गुरुप्रसादने मामांच्या नावाची ती नोटीस पुन्हा हातात घेतली. ब्याण्णव. सांतानमामा आणि ब्याण्णव.

‘मामा इले नाय?’

‘नाय. मीच इलंय.’

त्याने चहा मागवला. बाई एवढ्या लांब एसटीने आल्या होत्या, त्याही नवऱ्याच्या नावाला डाग नको म्हणून. त्याला आपल्या आईची आठवण झाली. बाईंची हरकत खरीच होती. ठिकाण मोघम असेल तर नोटीस टिकत नाही.

‘बाई, तुमचा बरोबर आसा. मी रद्द करूची शिफारस लिवतंय. तुमी बिनघोर घराक जावा.’

‘रद्द नको,’ आपोलिनाबाई चटकन म्हणाल्या. ‘आधी जागा बघ.’

‘अहो, जागा सापडली तर नोटीस पक्की होतली.’

‘होऊ दे. तू बघ.’

गुरुप्रसादला नवल वाटलं. पण बाईंचा बारीकसारीक नेमकेपणा साऱ्या गावाला माहीत होता. त्याने संगणकावर नोटिशीचा क्रमांक घातला. थोडा वेळ गेला. चहा आला, तो तसाच राहिला.

‘मिळाला. पूल ओलांडल्यावर, पलीकडे. सरळ रस्तो लागता ना, थंय.’

‘तोंड खंय?’

‘कुडाळच्या बाजूक. फोटो पण आसा.’

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. पांढरी गाडी, मागे काजूची झाडं. काचेतून चेहरा पुसट दिसत होता. आपोलिनाबाई खुर्ची ओढून अगदी जवळ गेल्या.

‘बाजूक कोण बसला काय?’

‘नाय. एकटेच आसत.’

‘शर्ट?’

‘चौकडीचो वाटता.’

त्यांनी मान हलवली. पिशवीतून कागद काढून त्यावर जागा, वेळ आणि दिशा लिहून घेतली. मग फोटोची एक प्रत मागितली. गुरुप्रसादने ती छापून दिली. त्यांनी ती घडी न करता पिशवीत उभी ठेवली.

त्यांना फाटकापर्यंत पोचवायला तो उठला. गाडी मामांचीच, वेगही खरा. पण या बाईंना दंड भरायला लावणं त्याच्या जिवावर आलं होतं.

‘मामांका सांगा,’ तो हसत म्हणाला, ‘या खेपेक सोडलंय. फुडे गाडी जरा दमान हाका म्हणावा.’

आपोलिनाबाई पायरीवर थांबल्या.

‘खंय सांगू, रे? त्या सकाळी गेले, ते अजून घराक येवक नाय.’