नावाड्याचा आवाज

तिच्यासोबत गेम बनवायला उद्यापासून नवा सहकारी येणार, म्हणून तिने त्याच्यासाठी जुना लॅपटॉप पुसून कोरा केला. ‘सगळं सर्व्हरवर आहेच की,’ म्हणत तिने एकेक सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, प्रोजेक्ट उतरवून घेतला आणि गेम सुरू केला. नदी आली, होडी आली, म्हातारा नावाडीही आला. त्याचे ओठ हलले, पण आवाज येईना. तेव्हा कुठे तिला आठवलं. आवाजाच्या जड फायली सर्व्हरवर न चढवता याच लॅपटॉपवर ठेवायच्या, हा नियम तिचाच आणि विसरलीही तीच. नावाड्याचे संवाद बाबांनी म्हटले होते, घशाच्या ऑपरेशनआधी. “निदान गेममध्ये तरी माझं ऐकशील,” म्हणाले होते. ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. आता ते खुर्चीमागे उभे होते. “बाबा, ऐका ना,” ती पुटपुटली. त्यांनी हातानेच थांबवलं आणि लॅपटॉपचा आवाज वाढवत नेला.