लेखन जानेवारीत

"माझ्या शिकवण्यात काय बदल हवा, ते सांगा," सुरय्या मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"मॅडम छान शिकवतात," दहावीचा वर्ग एका सुरात म्हणाला.

"छान शिकवते, तर चाचणीत निम्मा वर्ग इंग्रजीत नापास कसा?"

माना खाली गेल्या. मग बजरंगने हात वर केला. मॅडमना बरं वाटलं.

"मॅडम, हे किती मार्काला हाय?"

मॅडमनी खडू टेबलावर ठेवला. मुलांचा अभिप्राय दुपारपर्यंत वर पाठवायचा आहे, असं मुख्याध्यापकांनी सकाळीच बजावलं होतं. नुसता कागद भरायचा असता तर एव्हाना भरून झाला असता. पण मॅडमना तो खरोखर हवा होता.

"मार्क नाहीत. यात चुकीचं उत्तरही नसतं. माझं काय चुकतं, तेवढं बोला."

"आवाज जरा बारीक ठिवा," अजिनाथ म्हणाला. "मागं डोळा लागत न्हाई."

वर्ग खदखदला. मॅडम हसल्या नाहीत.

"अजून कोणी? का सगळ्यांनाच झोपायचंय?"

रोहिणी उभी राहिली. चाचणीत तिची धड्यांवरची उत्तरं बरी होती. लेखनाची पानं मात्र लाल शाईने भरली होती.

"मॅडम, पत्र, बातमी, जाहिरात हे आधी घ्या. धडे मागून."

"लेखन जानेवारीत. धडे संपले की लेखन. दर वर्षी तसंच घेते मी."

"जानेवारीत आमी हितं नसतो. ऊसतोडीला जातो."

"मग पुस्तक ने ना सोबत. वाचायला काय होतं?"

"वाचते की. धडा वाचून कळतो, न्हाई कळला तर गाईडात बघते. पन पत्र लिवल्यावर तपासायला उसाच्या फडावर कोन हाय? मागच्या साली रोज एक लिवलं. चुकीचंच पाठ झालं. परीक्षेला येऊन तेच पेपरात उतरवलं. औंदा बोर्ड हाय, मॅडम. इंग्रजी ऱ्हायलं तर घरचे पुढं शिकवायचे न्हाईत."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी आज इचारलं."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि लगेच पुन्हा उठल्या.

"दिवाळीनंतर अजून कोण कोण जाणार?"

बजरंगचा हात वर गेला. अजिनाथचा गेला. खिडकीकडच्या रांगेतले जवळजवळ सगळेच गेले. मॅडमनी मोजायला सुरुवात केली आणि मोजणं अर्धवट सोडलं. दर वर्षी जानेवारीत या वर्गाची हजेरी त्याच घेत होत्या.

दारात मुख्याध्यापक राधाकृष्ण सर येऊन उभे राहिले.

"झालं का मॅडम? 'समाधानकारक' लिहा आणि मोकळ्या व्हा."

"समाधानकारक नाही, सर. आजपासून लेखन घेते. धडे नंतर."

"असं कसं? वार्षिक नियोजन ठरलेलं आहे. पुढची चाचणी धड्यांवर आहे."

"मग तुमच्या नियोजनाला सांगा, दिवाळीनंतर ही पोरं वर्गात आणून बसव."

सर वर्गाकडे बघत राहिले. हात अजून वरच होते.

"पण वर काय कळवू मी?" ते म्हणाले. मग ते ऑफिसकडे निघून गेले.

"हात खाली घ्या आता," मॅडम वैतागून म्हणाल्या. त्यांनी फळा पुसला. धड्याचं नाव गेलं, शब्दार्थ गेले. "वह्या काढा. मैत्रिणीला, नाहीतर मित्राला पत्र. मला गाईडातलं नको. सगळ्यात आधी वरती आपला पत्ता लिहायचा. गाव, तालुका, जिल्हा. मी एकेकाचं बघत येते."

वह्या उघडल्या. मॅडम पहिल्या बाकापाशी पोचल्या, तेव्हा रोहिणीची पेन्सिल कोऱ्या पानावर तशीच धरलेली होती.

"आता काय झालं?"

"मॅडम, पत्ता कुठला टाकू? हितला, का फडावरचा?"