घाबरा आवाज

इरूच्या कानातल्या श्रवणयंत्रातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून मंदारने स्वतःचं घातलं होतं. विकतचं त्याला चालतच नसे. घरचा गीझरसुद्धा त्याच्याच प्रोग्रामवर तापायचा.

"इरू, चल जेवायला," गौतमीने स्वयंपाकघरातून पुन्हा हाक मारली. तीन वर्षांची लेक ढिम्म. मंदार नुसतं "इरूबाई" म्हणाला, आणि ती वळली.

"माझंच कसं ऐकू येत नाही तिला?"

"ज्या आवाजाने तिची धडधड वाढते, तो आवाज प्रोग्राम ओळखायला शिकतो आणि गाळतो. सारखी 'पडशील, भाजेल' करतेस ना, तो तुझा घाबरा आवाज पोचतच नाही तिच्यापर्यंत. जरा गोड बोल, येईल ऐकू."

"जुनं घाल परत. आत्ता."

"इतकं छान चाललंय की," म्हणत त्याने हेडफोन चढवले आणि स्क्रीनकडे तोंड केलं.

त्याच्या पाठीमागे, जमिनीवर पसरलेल्या चादरीवर, त्याच्याच शर्टाशेजारी इस्त्री तापत होती. इरू जाऊन इस्त्रीपुढे बसली.

गौतमी धावली. धावतानाच तिने हसू आणलं, आवाज मऊ केला. "इरूबाई..."

इरूने वळून पाहिलं, हसली.

"थांब" म्हणताना गौतमीचा आवाज कापला.

तिच्याकडे बघत, तसंच हसत, इरूने इस्त्रीला तळवा टेकवला.