सतरा नंबरची बाटली

“आता नाकं पुढे करा,” सर म्हणाले. “पर्यावरण व्यवस्थापन म्हणजे झाडं लावायची आणि घोषणा द्यायच्या, असं वाटलं होतं ना? इथं आधी वास घ्यायला शिकायचं.”

लांब टेबलावर बावीस बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. एकवीस मुलांनी आदल्या दिवशी आपापल्या घरच्या नळाचं पाणी भरून आणलेलं, आणि एक बाटली सरांनी कॉलेजमागच्या गटारातून भरून मध्येच घुसवलेली. ती ओळखायची. नंबर चिठ्ठ्या उचलून लावले होते, त्यामुळे गटाराची सोडली तर कुणाची बाटली कुठली हे सरांनाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी औषध घातलेल्या छोट्या कुपीत ओतून उबेत ठेवलं होतं. पाण्यात मैला असेल तर कुपी काळी पडते, इतकं सोपं गणित.

दोन कुप्या काळ्या पडल्या होत्या. पाच नंबरची, आणि सतरा नंबरची. सतरा तर काजळासारखी.

सतरा नंबर बारकीचा होता.

घरी तिला बारकी म्हणायचे. वर्गात तिला कुणी काहीच म्हणायचं नाही, कारण तीन महिन्यांत तिला हाक मारायची वेळच कुणावर आली नव्हती. आईनं ती बाटली चार-चारदा धुतली होती, उन्हात वाळवली होती, फडक्याच्या दुहेरी घडीतून पाणी गाळून भरलं होतं. “कॉलेजात जायचंय त्याला,” म्हणाली होती, “जरा नीटनेटकं जाऊ दे.”

मुलं एकेक करून वाकत होती. सतरापाशी आल्यावर पहिल्या बाकावरची उंच मुलगी “ई ग!” करून दोन पावलं मागे सरली, तसे सगळे हसले. मग बारकीची पाळी आली. ती वाकली. वास ओळखीचा होता. घरी तो कधी जाणवलाच नव्हता, इथं मात्र थेट डोक्यात गेला. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

“सर,” ती मोठ्यानं म्हणाली, “यात डुक्करसुद्धा आंघोळ करणार नाही. आणि चुकून केलीच, तर घरी जाऊन परत आंघोळ करेल!”

वर्ग खो-खो हसला. सरांनाही हसू आवरेना. उंच मुलीनं तिच्या खांद्यावर हात टाकला. “कसली आहेस ग तू! इतके दिवस कुठं लपली होतीस?” बारकीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसली. आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

“तर मग, गटाराचं कुठलं?”

“सतरा!” एकवीस हात वर झाले. त्यात तिचाही होता.

“चूक,” सर म्हणाले. “गटाराचं पाच नंबर. सतरा तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरचं पिण्याचं पाणी आहे.”

वर गेलेले हात भराभर खाली आले. “नळाचा पाइप कुठंतरी गटारात फुटलाय,” सर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “ज्याचं असेल त्यानं हात वर करा. लाजायचं काय त्यात? मी लगेच पाणीखात्यात फोन लावतो, संध्याकाळपर्यंत टँकर दारात उभा राहील. घरात तान्हं मूल असेल, पोटुशी बाई असेल, तर एक घोटसुद्धा देऊ नका.”

बारकीच्या वहिनीला सातवा महिना होता. पंधरा दिवस तिचं पोट बिघडलेलं, म्हणून आई तिला पाणी उकळून देत होती.

हात वर करायचा, एवढंच काम. पण उंच मुलीचा हात अजून खांद्यावर होता. “कुणाचं असेल ग?” ती कानात कुजबुजली. “शी! त्याच्या डब्याला हात नाही लावायचा हं आपण.” आपण म्हणाली ती. आपण!

बारकीही मग इतरांसारखी मान वळवून वर्गभर बघू लागली, कुणाचं असेल म्हणून.

“बरं, वर्गात नको तर स्टाफरूममध्ये या,” सर शेवटी म्हणाले. “पाचपर्यंत आहे मी.” बारकी त्या दारावरून दोनदा गेली. दोन्ही वेळा उंच मुलगी आणि तिच्या मैत्रिणी बरोबर होत्या. कुणीतरी डुकराची आंघोळ पुन्हा सांगायला लावली. तिनं सांगितली.

घरी आई गॅसपाशी उभी होती. पातेल्यात वहिनीचं पाणी तापत होतं.

“काय म्हणाले ग सर आपल्या पाण्याला?”

बारकीनं चपला काढायला उगाच वेळ लावला. वाईट निघालं म्हटलं की आई विचारणार, मग सरांना सांगितलंस ना, आपलंच आहे म्हणून?

“अग, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? चांगलं निघालं की वाईट?”

“चांगलं,” बारकी म्हणाली. मग घाईघाईनं, “पण उकळून प्यायलेलं बरं असतं, आई.”

“चांगलं निघालंय ना? मग कशाला जाळायचा गॅस फुकट!” आईनं हात लांबवून गॅस बंद केला आणि आत हाक दिली. “अग सूनबाई, ऐकलंस का? कॉलेजानं पास केलं आपलं पाणी!”

वहिनी कमरेवर हात टेकत बाहेर आली. पातेल्याकडे तिनं बघितलंही नाही. भांडं थेट नळाखाली धरलं आणि उभ्या उभ्या घटाघटा रिकामं केलं.

“हं,” ती तोंड पुसत म्हणाली, “आता कसं पाण्यासारखं पाणी लागलं.” आणि तिनं भांडं पुन्हा नळाखाली धरलं.