फिनिशला दहापैकी तीन

रिमोटवर पळणाऱ्या गाडीची पारदर्शक बॉडी त्याने बावीस दिवस खपून आतल्या बाजूने रंगवली होती. क्लबच्या स्पर्धेत परीक्षकांनी फिनिशला दहापैकी तीन गुण दिले आणि वर शेरा मारला: चमक नाही, ओरखडे आहेत.

"ओरखडे तुमच्या चष्म्यावर असतील! कधी ब्रश धरलाय का हातात?" तो भर सभागृहात कडाडला. तेवढ्याने भागेना, म्हणून पंधरा वर्षं सांभाळलेल्या क्लबच्या सदस्यत्वाचा राजीनामा त्याने परीक्षकांच्याच पेनाने लिहून त्यांच्या अंगावर भिरकावला.

घरी आल्यावरही परीक्षकांचा उद्धार चालूच होता. बायकोने गाडी उचलून उजेडात धरली, कडेला नख लावलं.



"अहो, नव्या मोबाइलवर असतो ना, तसला प्लास्टिकचा पापुद्रा आहे हा वरून. काढायचा राहिला का?"