टेलरताईंचे पाय

इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उचललं तशा तीन माना एकदम आत वाकल्या. एक मिस्त्रींची, एक ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची आणि तिसरी टेलरताईंची. तिसरी खरं तर वाकायला तयार नव्हती. आपण केलेला सत्यानाश माणसाने जवळून कशाला बघायचा?

दोन-तीन तासांपूर्वी समोरच्याच चढावर त्यांचा धडा चालला होता. गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा उचलायची. टेलरताईंनी क्लच अर्धा सोडला, आणि गाडीच्या पोटातून एकदम खणखण आवाज आला. त्यांनी दोन्ही पाय उचलले. गाडीने गचका खाल्ला आणि जागच्या जागी गप्प झाली. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून ती मागे आली नाही. ते पुन्हा चालू करणार, इतक्यात गॅरेजच्या दारातून मिस्त्री ओरडले, "किल्लीला हात लावू नका!" मग तिघांनी मिळून गाडी ढकलत आत आणली.

गाडी खाली आली, पण मास्तरांचा पारा अजून चढावरच होता.

"चौदा दिवस घसा फोडतोय, मिस्त्री. हॉर्न वाजला, पाय वर. कुत्रं भुंकलं, पाय वर. अहो ताई, ही गाडी आहे, झोपाळा नाही!"

टेलरताई म्हणजे तीस वर्षं पायमशीन चालवलेली बाई. शिवताना आवाज बदलला की आधी पाय उचलायचे, डोकं मागाहून चालवायचं. नाहीतर मोडलेली सुई आत अडकते आणि मशीनची वाट लागते. त्यांच्या पायांना हे इतकं पाठ झालं होतं, की मास्तरांचं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि शिकायचं तर होतंच. वर्षभरापूर्वी नवऱ्याची नजर अधू झाली, तेव्हापासून घरची गाडी दारात उभी होती आणि गाडीबरोबर ती दोघंही. रविवारचं लांब फिरणं गेलं, लेकीकडे जाणं गेलं. ही गाडी धाकट्या दिराला हवी होती. टेलरताईंनी पंधरा दिवस मागून घेतले होते. जमलं तर गाडी ठेवायची, नाहीतर देऊन टाकायची. आज चौदावा दिवस, आणि त्यांनी मास्तरांचं इंजिन फोडून ठेवलं होतं. गाडी ढकलतानाच त्यांनी ठरवून टाकलं, की आता बास.

मिस्त्रींनी दुसऱ्या सिलिंडरमध्ये लांब चिमटा घातला आणि काहीतरी बाहेर काढलं.

"हा बघा पाहुणा."

एक नट होता. कोपरे ठेचून गोल झालेले. पिस्टनच्या डोक्यावर पोचे पडले होते आणि एक व्हॉल्व्ह वाकला होता. मिस्त्रींनी फडक्याला बोट पुसलं आणि सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवलं, वरून खालपर्यंत. मग दुसऱ्या बाजूने. मास्तर मनातल्या मनात देवाला आळवत होते. त्यांच्या शाळेत गाडी ही एकच होती.

"ओरखडा नाही," मिस्त्री म्हणाले. "व्हॉल्व्ह बदलतो, पिस्टन घासून घेतो, गॅस्केट नवीन टाकतो. परवा न्या."

मास्तरांनी सोडलेला श्वास रस्त्यापलीकडे ऐकू गेला असेल.

"पण मला सांगा," मिस्त्रींनी विचारलं, "गाडी बंद कोणी केली इतक्या पटकन? अजून अर्धं मिनिट चालली असती ना, तर पिस्टन फुटला असता. मग नुसती हळहळ."

टेलरताईंना वाटलं, आता आपली हजेरी. त्या खालमानेने म्हणाल्या, "मी. चुकून. पाय उचलले गेले माझे."

"चुकून कसलं? वाचवलंत की इंजिन! कान तयार आहे तुमचा. हॉर्नला घाबरू नका, इंजिनचं ऐका, झालं."

टेलरताई जवळच्या टायरवर मटकन बसल्या. त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. "अहो, सुई मोडून आत पडली की अस्साच आवाज येतो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मास्तर आता तो नट तळहातावर घेऊन बघत होते.

"हा माझाच आहे," ते म्हणाले. चौदा दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "सकाळी एअर फिल्टर साफ केला. झाकणाचा नट हातातून निसटला. खूप शोधला. म्हटलं, गटारात गेला असेल. दुसरा लावला आणि निघालो."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "गटारात नाही, हवेच्या नळीतून इंजिनात गेला!"

टेलरताईंचा फोन वाजला. नवरा होता.

"अगं, धाकट्याचा फोन आला होता. गाडी न्यायला उद्या संध्याकाळी येऊ का, विचारतोय. काय सांगू?"

"थांबा जरा," टेलरताई म्हणाल्या आणि फोन तसाच हातात धरून मास्तरांकडे वळल्या. "सर, खरं सांगा. माझ्या जागी तुम्ही बसला असतात, तर काय केलं असतंत?"

मास्तरांनी मिस्त्रींकडे पाहिलं, मग इंजिनकडे.

"आवाज कसला ते बघायला जोरात रेस दिली असती."

टेलरताईंनी फोन कानाला लावला.

"अहो, भावजींना सांगा, गाडीची किल्ली आता माझ्याकडे असते."